आपलें लिखित, परक्याची किल्ली

ज्या घरांत जुन्या पोथ्या आहेत त्या घरांतील मंडळींस एक अनुभव खचित असेल. माळ्यावरची पेटी खालीं काढावी, तांबडें फडकें सोडावें आणि पणजोबांनीं बोरूनें लिहिलेलीं पानें उजेडांत धरावीं. कागद पिवळा पडलेला असतो, कडा झिजलेल्या असतात, क्वचित् एखादी ओळ कसरीनें खाल्लेली असते. परंतु जें उरलें असेल तें वाचण्यास कोणाची परवानगी लागत नाहीं. लिहिणारा गेला, लेखणी गेली, शाई विकणारा दुकानदारहि गेला. अक्षर मात्र राहिलें. आमचें स्वतःचें उण्यापुऱ्या दहा वर्षांचें लिखित जेव्हां आम्हांस असें उघडून वाचतां येईना, तेव्हां ह्या साध्या गोष्टीची किंमत आम्हांस प्रथम कळली. त्या निमित्तानें ज्या एका चळवळीची आम्हांस ओळख झाली, तिचा परिचय आमच्या वाचकांस करून द्यावा, हा ह्या लेखाचा हेतु आहे.

कुलवृत्तान्ताची हकीकत

आमचें मूळ घर कल्याणास. नोकरीच्या सोयीसाठीं आम्हीं डोंबिवलीस बिऱ्हाड केलें, तरी कुळधर्म व सणवार कल्याणासच होत. आमचे थोरले बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणत असूं, त्यांस घराण्याचा कुलवृत्तान्त तयार करण्याची फार दिवसांची हौस. कोंकणापासून इंदूर-बडोद्यापर्यंत पांगलेल्या शाखांशीं दहा वर्षें पत्रव्यवहार करून त्यांनीं माहिती जमविली. १९९७ सालीं आम्हां दोघां भावांनीं पैसे घालून एक संगणक घेतला आणि त्याबरोबर मराठी लेखनाची एक आज्ञावलीहि विकत घेतली. तिची किंमत आमच्या एका महिन्याच्या पगाराहून अधिक होती. तिच्याबरोबर आगपेटीएवढें एक कुलूप आलें. तें संगणकाच्या पाठीमागें बसविल्यावांचून आज्ञावली उघडत नसे. ती कोणी फुकट उतरवून घेऊं नये म्हणून ही योजना. त्यांत आम्हांस तेव्हां कांहीं वावगें वाटलें नाहीं. आपल्या दुकानास कुलूप कोण लावीत नाहीं?

कुळांतील पुरुषांचीं नांवें जुन्या दप्तरांत आणि क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत सांपडतात. सुनांचीं माहेरचीं नांवें मात्र सहसा कोणत्याच कागदांत नसतात. तीं आमच्या आत्याबाईंच्या मुखांत होतीं. ऐंशी वर्षें उलटलेल्या आत्याबाई दुपारीं झोपाळ्यावर बसून पांच पिढ्यांतील सुनांचीं नांवें, त्यांचीं माहेरें व गांवें सांगत आणि दादा टंकलेखन करीत. ती यादी पुरी झाली आणि पुढल्या वर्षीं, २००१ सालीं, आत्याबाई गेल्या. एकूण मजकूर चार फ्लॉपींवर मावला. एक प्रत छापून काढून कल्याणास ठेविली. फ्लॉपी आमच्याकडे डोंबिवलीस आल्या. इतर शाखांस प्रती द्याव्या असें मनांत होतें. परंतु कुलूप एकच, त्यामुळें दुसऱ्याच्या घरीं फ्लॉपी देऊन ती उघडणार कशानें? अशा विचारानें प्रती केल्याच नाहींत.

२६ जुलै २००५ चा पाऊस ठाणें जिल्ह्यांतील कोणीहि विसरणार नाहीं. कल्याणांतील आमच्या घराच्या तळमजल्यावर पुरुषभर पाणी चढलें. संगणक, त्याच्या पाठीमागचें कुलूप आणि छापील प्रत, तिन्ही त्यांत गेलीं. आमच्याकडे चार फ्लॉपी होत्या म्हणून आम्ही निर्धास्त होतों. दुसऱ्या संगणकावर पहिली फ्लॉपी उघडून पाहिली, तों पणजोबांच्या नांवाच्या जागीं रोमन अक्षरें, कंस, स्वल्पविराम व डॉलरचीं चिन्हें यांची एक न संपणारी रांग! त्या काळीं प्रत्येक कारखानदार देवनागरी अक्षरें आपापल्या मर्जीच्या क्रमानें रोमन अक्षरांच्या घरांत बसवीत असे. कोणतें अक्षर कोणत्या घरांत, हें त्याच्या आज्ञावलीसच ठाऊक. आम्हीं विकणाऱ्यांस पत्र घातलें. उत्तर आलें कीं, ती आवृत्ति बंद झाली आहे. नवी विकत घ्यावी, परंतु जुना मजकूर तींत उघडेल अशी हमी देतां येत नाहीं. लिहिणारे आम्ही, मजकूर आमच्या कुळाचा, पैसेहि आमचे. किल्ली मात्र तिऱ्हाइताच्या हातीं! दादा २००९ सालीं वारले. शेवटच्या आजारांतहि त्यांनीं दोनदां विचारलें, “फ्लॉपी उघडल्या काय?”

पुतणीनें काय केलें

२०१४ च्या पावसाळ्यांत दादांची मुलगी, जी ठाण्यांत संगणकाचें काम करिते, आमच्याकडे आली आणि म्हणाली, “काका, त्या फ्लॉपी एकदां माझ्याकडे द्या.” तिनें जुन्या संकेतांतील मजकूर नव्या संकेतांत आणणारी एक लहानशी आज्ञावली मिळविली होती. कोणा अपरिचित गृहस्थानें ती लिहून सर्वांस देऊन टाकली होती. नवा संकेत म्हणजे युनिकोड. जगांतील सर्व लिपींचीं अक्षरें एकाच सर्वमान्य क्रमानें मांडणारी ही योजना असून १९९१ सालच्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीस तींत स्थान आहे. तेथें ‘क’ हा कोणाच्याहि संगणकावर ‘क’च राहतो.

परंतु ती आज्ञावली आमच्याच जातीच्या, तथापि निराळ्या टंकासाठीं लिहिलेली होती. साधीं अक्षरें बरोबर आलीं, जोडाक्षरें बिघडलीं. पुतणीनें तिची मूळ संहिता उघडली, आणि तीन रविवार आम्ही दोघें समोरासमोर बसलों. कोठें ‘ब्र’ आणि ‘ीभूत’ यांच्या मधोमध एखादें चिन्ह दिसे. तेथें ‘ह्म’ असणार हें सांगणें आमचें काम. ‘उ’ आणि ‘व’ यांच्यामध्यें ‘द्ध’. असें एकेक जोडाक्षर आम्हीं ओळखावें आणि तिनें संहितेंत भरावें. आमच्या संस्कृताचा संगणकास असा उपयोग होईल, हें आमच्या स्वप्नींहि नव्हतें. तिसऱ्या रविवारीं संध्याकाळीं पडद्यावर दादांची प्रस्तावना स्वच्छ मराठींत उमटली. आमच्या वहिनी शेजारीं उभ्या होत्या. त्यांनीं कांहीं न बोलतां देवाजवळ निरांजन लावलें.

पुढें पुतणीनें आपण केलेली दुरुस्ति त्या मूळ आज्ञावलीबरोबर सर्वांसाठीं ठेवून दिली. आम्हीं विचारलें, “अग, त्या गृहस्थांची परवानगी घेतलीस काय?” ती हंसून म्हणाली, “काका, परवानगी त्यांनीं आधींच देऊन ठेवली आहे. अट एवढीच, कीं मींहि ती पुढच्यास द्यावी.”

चार फ्लॉपींपैकीं तीन अशा वाचल्या. चवथी बुरशीनें बिघडली होती. तिच्यावरून एकहि अक्षर उतरलें नाहीं. आत्याबाईंची यादी त्या चवथ्या फ्लॉपीवर होती.

एका छपाईयंत्राची कथा

ही परवानगी आधींच देऊन ठेवण्याची कल्पना कोठून आली, हें आम्हीं मग चौकशी करून समजून घेतलें. तिचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन हे अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील एम. आय. टी. ह्या प्रख्यात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत काम करीत. १९८० च्या सुमारास त्या प्रयोगशाळेस झेरॉक्स कंपनीकडून एक नवें छपाईयंत्र मिळालें. त्यांत कागद वारंवार अडके. पूर्वींच्या यंत्राच्या आज्ञावलींत स्टॉलमन यांनीं सुधारणा करून कागद अडकतांच सर्वांस सूचना मिळेल अशी सोय केली होती. नव्या यंत्राची मूळ संहिता मात्र कंपनीनें दिली नव्हती. दुसऱ्या एका विद्यापीठांतील संशोधकापाशीं ती आहे असें कळल्यावरून ते त्याच्याकडे गेले. त्यानें नकार दिला. कारण ती कोणास देणार नाहीं असें त्यानें कंपनीस लिहून दिलें होतें. एका विद्वानानें दुसऱ्या विद्वानास, हातांत असलेली विद्या केवळ कराराखातर नाकारावी, ही गोष्ट स्टॉलमन यांच्या मनास फार लागली.

‘मूळ संहिता’ म्हणजे काय, हें आमच्या घरांतील स्त्रियांस आम्हीं भाजणीच्या दृष्टान्तानें सांगितलें. तयार भाजणीचें पीठ हातांत घेतलें तर थालीपीठ लावतां येतें. पण त्यांत कोणतें धान्य किती घातलें, कोणतें किती भाजलें, हें पिठावरून कळत नाहीं. तें ज्या कागदावर लिहिलें असेल तो कागद म्हणजे मूळ संहिता, जिला ह्या व्यवसायांतील लोक सोर्स कोड म्हणतात. घरांत कोणास धने सोसत नसतील, तर कागद जवळ असलेली गृहिणी ते वगळील. नुसतें पीठ आणणारीस दुकानदार देईल तेंच खावें लागेल.

२७ सप्टेंबर १९८३ रोजीं स्टॉलमन यांनीं जाहीर केलें कीं, संगणकास लागणारी समग्र आज्ञावली आपण नव्यानें लिहूं आणि ती सर्वांस मुक्त ठेवूं. ह्या उपक्रमास त्यांनीं ‘ग्नू’ असें नांव दिलें. १९८५ सालीं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था निघाली. १९९१ सालीं फिनलंडांतील लिनस टॉरवल्ड्‌स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें ‘लिनक्स’ नांवाचा संगणकाचा गाभा लिहिला आणि पुढल्याच वर्षीं तोहि त्याच अटींवर मोकळा केला. दोहोंच्या मिलाफानें जें सिद्ध झालें, त्यावर आज जगांतील सर्वांत शक्तिमान अशा पांचशें संगणकांचा कारभार चालतो. आमच्या वाचकांच्या हातांतील बहुतेक मोबाईलांच्या पोटांतहि तोच लिनक्सचा गाभा आहे. मात्र त्याच्या वरचे पुष्कळसे थर बंदिस्तच असतात.

मुक्त आणि फुकट

ह्या चळवळीनें चार स्वातंत्र्यें मानिलीं असून त्यांची गणना शून्यापासून केली आहे. शून्याचा मान आपल्या देशास आहे म्हणून नव्हे, तर संगणकवाल्यांची मोजण्याची रीतच ती! शून्यावें स्वातंत्र्य, आज्ञावली कोणत्याहि कामासाठीं चालविण्याचें. पहिलें, ती कशी चालते तें पाहून आपल्या गरजेप्रमाणें बदलण्याचें. दुसरें, तिच्या प्रती शेजाऱ्यापाजाऱ्यांस देण्याचें. तिसरें, आपण सुधारलेली प्रतहि लोकांस देण्याचें. १९८९ सालीं ह्या स्वातंत्र्यांस कायद्याचें रूप देणारें परवानापत्र निघालें. तें जी. पी. एल. ह्या आद्याक्षरांनीं प्रसिद्ध आहे. त्यांतील युक्ति मोठी मार्मिक आहे. लेखकाचा स्वामित्वहक्क सोडून न देतां, त्याच हक्काच्या बळावर असें बंधन घातलें आहे कीं, ज्यास हें मुक्त मिळालें त्यानें पुढें देतांना तें मुक्तच द्यावें. कुलूप करणाऱ्याच्याच हत्यारांनीं दार कायमचें उघडें ठेविलें!

इंग्रजींत ‘मोफत’ आणि ‘स्वतंत्र’ ह्या दोन्ही अर्थांस एकच शब्द असल्यामुळें ह्या चळवळीविषयीं तिकडे सतत घोटाळा होतो. आपल्याकडे तो होण्याचें कारण नाहीं. फुकट हा पैशाचा शब्द आहे. मुक्त हा मनुष्याच्या स्थितीचा शब्द आहे. फुकट मिळालेली वस्तु बंदिस्त असूं शकते आणि मुक्त वस्तु विकतांहि येते. आमची आज्ञावली आम्हांस त्या वेळीं कोणी फुकट दिली असती, तरी आत्याबाईंचीं नांवें वांचलीं नसतीं. कारण अडचण किंमतीची नव्हती, कुलुपाची होती.

ठाण्यांतील एक जुनें उदाहरण

अक्षरास कुलूप लावण्याचा प्रकार आपल्याकडे नवा नाहीं. महानुभाव पंथानें आपले ग्रंथ शतकानुशतकें सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींत लिहून ठेविले होते. भाषा मराठी, परंतु एका अक्षराच्या जागीं दुसरें चिन्ह, आमच्या फ्लॉपीप्रमाणेंच! ‘लीळाचरित्रा’सारखा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ ह्यामुळें सामान्य मराठी वाचकास अज्ञात राहिला. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे, ठाण्याचे विनायक लक्ष्मण भावे प्रभृति संशोधकांच्या श्रमांनीं हा पडदा दूर झाला. ह्याच भाव्यांनीं आपल्या मित्रांच्या साह्यानें १८९३ सालीं ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापिलें. तत्पूर्वीं कल्याणास १८६४ पासून सार्वजनिक वाचनालय चालू होतें. ग्रंथ सर्वांस खुला असावा, हें तत्त्व आमच्या ह्या गांवांस संगणकापूर्वीं शंभर वर्षें ठाऊक होतें.

तथापि महानुभावांस आपले ग्रंथ लपवावेसे कां वाटले, हाहि प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे. सनातनी समाजानें त्यांचा जो द्वेष केला त्यांत त्याचें एक कारण आहे, आणि त्या समाजांत आपलेच पूर्वज होते. वेदविद्येस कुलूप कोणी लाविलें? स्त्रियांस व इतर वर्णांस अक्षरापासून दूर कोणी ठेविलें? १८४८ सालीं पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली, तेव्हां शेण फेंकणारे हात कोणाच्या घरचे होते? आत्याबाईंस स्वतः लिहितां आलें असतें, तर ती यादी एखाद्या वहींत राहिली असती. त्यांस शाळेंत कोणीं पाठविलें नाहीं म्हणून ती केवळ मुखांत राहिली आणि तेथून त्या फ्लॉपींत गेली. कारखानदाराच्या कुलुपास दोष देतांना आपल्या घरचें हें जुनें कुलूप विसरणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं.

आमचेंहि एक पाप येथें सांगून टाकतों. विद्या दिल्यानें वाढते अशा अर्थाचें सुभाषित आम्हीं नोकरीभर फळ्यावर लिहिलें. एकदां एका तरुण सहाध्यापकानें आमची समासांच्या उदाहरणांची वही उतरून घेण्यास मागितली. ती वही आम्हीं पंधरा वर्षें जमविली होती. “देऊं, पाहूं” म्हणून आम्हीं टाळलें. त्यानें पुन्हां मागितली नाहीं. त्या छपाईयंत्राच्या कथेंतील नकार देणाऱ्या संशोधकानें निदान करार केला होता. आमच्यापाशीं तेवढेंहि निमित्त नव्हतें.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा कीं, ज्याला त्याला वाटेल तसे फेरफार करूं दिले तर मूळ वस्तु बिघडणार नाहीं काय? ह्याचें उत्तर आपल्याच वाङ्मयांत आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती तीनशें वर्षें हातोहात उतरल्या जाऊन तींत अपपाठ शिरले. शके १५०६ मध्यें एकनाथ महाराजांनीं अनेक प्रती मिळवून पाठ शुद्ध केला, आणि ह्यापुढें कोणी आपल्या पदरच्या ओव्या तींत घालूं नयेत अशी निक्षून सूचना केली. वरवर पाहतां ही सूचना मुक्ततेच्या विरुद्ध वाटेल. परंतु प्रती अनेक घरीं मोकळेपणानें होत्या म्हणूनच त्या ताडून पाहतां आल्या. एकाच मठांत एकच प्रत कुलूपबंद असती, तर चूक ओळखणार कशावरून? नाथांचा राग बदलावर नाहीं. आपलें दुसऱ्याच्या नांवावर खपविण्यावर आहे. उपरिनिर्दिष्ट परवान्यांतहि हीच दक्षता आहे. बदल खुशाल करा, परंतु आपण बदल केला आहे हें स्पष्ट लिहा.

दुसरा आक्षेप पोटाचा. सर्व मोकळें दिलें तर लिहिणाऱ्यानें खावें काय? आक्षेप खरा आहे आणि तो हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. पण कीर्तनकार बुवांकडे पाहा. ते बिदागी घेतात आणि ती घ्यावीच; परंतु ऐकलेला अभंग घरीं म्हणावयाचा नाहीं असें ते श्रोत्यांस बजावीत नाहींत. मोबदला सेवेचा असतो. स्टॉलमन स्वतः आरंभीं आपली आज्ञावली फितीवर भरून दीडशें डॉलरांस विकीत. पुण्यास ज्यांची मोठी शाखा आहे त्या रेड हॅट कंपनीनें मुक्त आज्ञावल्यांची देखभाल करून एवढा व्यवसाय उभा केला कीं, २०१९ सालीं आय. बी. एम. नें ती चौतीस अब्ज डॉलरांस विकत घेतली. तथापि एकट्यानें बसून लहानसें साधन लिहिणाऱ्या कित्येकांस ह्या मार्गांत द्रव्यप्राप्ति होत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. ज्याचें आपण घेतों त्यास यथाशक्ति दक्षिणा द्यावी, हा संस्कार आपल्याकडे आहे. तो येथेंहि पाळावा.

आपल्या उंबरठ्यापर्यंत

ही चळवळ दूरदेशींची आहे असें कोणी समजूं नये. २००१ सालीं स्थापन झालेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडिया ह्या संस्थेची धुरा ज्यांनीं वाहिली ते डॉ. नागार्जुन हे मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रांत अध्यापक होते; म्हणजे ठाण्याहून वाशीची गाडी धरिली तर आमच्या गांवाहून दीड-दोन तासांच्या अंतरावर. पवईच्या आय. आय. टी. मध्यें प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकारानें मुक्त आज्ञावल्या शिकविणारे सुमारें दहा-दहा मिनिटांचे पाठ तयार झाले. त्यांस ‘स्पोकन ट्युटोरियल’ म्हणतात, आणि त्यांतील पुष्कळ पाठ मराठींतहि ऐकावयास मिळतात. १ मे २००३ रोजीं, म्हणजे महाराष्ट्रदिनीं, सुरू झालेला मराठी विकिपीडिया हाहि ह्याच विचाराचा ग्रंथरूपी विस्तार होय.

आम्हां संस्कृतवाल्यांस विशेष आनंद देणारें उदाहरण ‘शोभिका’ ह्या टंकाचें. राज्य मराठी विकास संस्थेनें ‘यशोमुद्रा’ नांवाचा देवनागरी टंक मुक्त परवान्यावर दिला होता. पवईच्या विद्वानांनीं त्याच्या आधारानें अकराशेंहून अधिक जोडाक्षरें आणि वैदिक स्वरचिन्हेंहि असलेला ‘शोभिका’ सिद्ध केला व तोहि मुक्तच ठेविला. पहिल्यानें दार लावून घेतलें असतें, तर दुसऱ्यास पायापासून खणावें लागलें असतें.

आतां गृहस्थाश्रमी वाचकांनीं काय करावें? सर्व बंदिस्त वस्तु उद्यां फेंकून द्याव्या, असें आम्ही म्हणत नाहीं. मुक्त साधनांतहि उणीवा आहेत. कोठें मराठी भाषांतर अपुरें, कोठें छपाईयंत्राशीं जुळत नाहीं, आणि रागावावें तर समोर दुकानदार नसतो. तथापि घरांतील जपून ठेवण्याजोगें लिखित, म्हणजे कुलवृत्तान्त, आजीच्या आठवणी, वडिलांचीं पत्रें, जमाखर्च, हें युनिकोडांतच लिहावें. तें ओपन डॉक्युमेंट नांवाच्या सर्वांस खुल्या अशा रूपांत ठेवावें. २००६ सालीं त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आहे, आणि लिब्रेऑफिस ह्या मुक्त साधनांत तें सहज होतें. प्रती तीन घरीं तरी असाव्या. आणि कोणतेंहि साधन घेतांना विकणाऱ्यास एक प्रश्न अवश्य करावा: “उद्यां तुमचें दुकान बंद झालें, तर माझें अक्षर मला वाचतां येईल काय?” जिवंत माणसांच्या खासगी गोष्टी मात्र चव्हाट्यावर मांडूं नयेत. साधन मुक्त असावें याचा अर्थ घर उघडें टाकावें असा नाहीं. हें तारतम्य आमच्या पुतणीनेंच आम्हांस शिकविलें, आणि कुलवृत्तान्तांतील हयात मंडळींचे पत्ते व जन्मतारखा तिनें वेगळ्या काढून ठेविल्या.

समासांची ती वही आम्हीं गेल्या वर्षीं स्वतः टंकित करून मुक्त परवान्यावर सर्वांस देऊन टाकली. त्या सहाध्यापकाचा पत्ता मिळवून पहिली प्रत त्यास पाठविली. त्याचें दोन ओळींचें उत्तर आलें. त्यांत आभार होते, आणि सातव्या पानावरील आमची एक चूकहि दाखविली होती. ती आम्हीं सुधारली.

कुलवृत्तान्ताची नवी प्रत घराण्याच्या सर्व शाखांस गेली आहे. ती कोणासहि उघडतां येते व तींत भर घालतां येते. प्रत्येक सुनेच्या नांवापुढें माहेरच्या नांवाची जागा आम्हीं मुद्दाम कोरी ठेविली आहे. आजपर्यंत अकरा नांवें परत आलीं. त्यांतील एक बडोद्याच्या एका वृद्ध बाईंनीं नातीकडून लिहवून पाठविलें. आमच्या पणजीचें माहेरचें नांव अद्याप आलेलें नाहीं.